पराभवाच्या काळावरचा विनोदी चित्रपट फ्रान्सने डोक्यावर का घेतला?

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स अवघ्या सहा आठवड्यांत हरला आणि त्यानंतर चार वर्षे त्या देशावर जर्मन सैन्याचा ताबा राहिला. उपासमार, रेशन, अटका, गोळीबार, छळछावण्या हे सगळे त्या चार वर्षांत घडले. पॅरिस मुक्त झाल्याला जेमतेम बावीस वर्षे झाली होती, त्या दिवसांच्या आठवणी घराघरांत ताज्या होत्या, आणि अशा वेळी, डिसेंबर १९६६ मध्ये, झेरार उरी या दिग्दर्शकाने त्याच काळावर आधारलेला एक विनोदी साहसपट प्रदर्शित केला. त्याचे नाव ‘ला ग्रांद वाद्रुय’, म्हणजे साधारणपणे ‘मोठी भटकंती’. हा चित्रपट लोकांनी नाकारायला हवा होता असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात फ्रान्समध्ये त्याची १ कोटी ७२ लाखांहून अधिक तिकिटे खपली. तेव्हा देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत होती. हा विक्रम मोडायला ‘टायटॅनिक’ यावा लागला, १९९८ मध्ये. आणि फ्रेंच चित्रपटांपुरता तो २००८ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, अबाधित राहिला.

हा आकडा नेमका कसला, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे चित्रपटाचे यश कोटी रुपयांत मोजतात. फ्रान्समध्ये ते विकल्या गेलेल्या तिकिटांवर मोजण्याची जुनी पद्धत आहे. तिकिटाचा दर दशकागणिक वाढतो, त्यामुळे पैशांच्या हिशेबात नवा चित्रपट नेहमीच जुन्यापेक्षा मोठा दिसतो. माणसे मोजली की १९६६ आणि २००८ यांची तुलना करता येते. या १ कोटी ७२ लाखांत नंतरच्या पुनःप्रदर्शनांची तिकिटेही धरलेली आहेत आणि एकाच माणसाने दोनदा पाहिला असेल तर ती दोन तिकिटे आहेत. ही वजाबाकी मनात धरूनही हे मान्य करावे लागते की एखाद्या समाजातला इतका मोठा भाग एकाच चित्रपटासाठी रांगेत उभा राहिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

या यशाचे कारण केवळ विनोदात शोधले तर हाती अर्धेच उत्तर लागते. उरलेले अर्धे त्या काळाच्या नकाशात आहे.

आधी नकाशा समजून घेऊ

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला. या करारानुसार देशाचे दोन मुख्य भाग पडले. पॅरिससह उत्तरेकडचा मोठा प्रदेश आणि संपूर्ण अटलांटिक किनारपट्टी जर्मन सैन्याच्या थेट ताब्यात गेली; दक्षिणेकडचा भाग मार्शल पेतां यांच्या सरकारकडे राहिला. हे सरकार विशी या गावातून कारभार पाहत असे, म्हणून त्याला विशी सरकार म्हणतात. या दोन भागांच्या मधोमध जी हद्द आखली गेली ती सीमांकन रेषा. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळून निघून, शालों, मुलें, व्हिएर्झों, आंगुलेम अशा गावांजवळून वळणे घेत ती स्पेनच्या सरहद्दीपर्यंत जात असे. तिची लांबी सुमारे १२०० किलोमीटर होती.

एखाद्या जुन्या वाड्यात बाहेरच्या दांडग्याने घुसून ओसरी, माजघर, धान्याची कोठी आणि विहीर ताब्यात घ्यावी, घरच्या म्हाताऱ्या कर्त्याला मागच्या दोन खोल्या देऊन ‘इथे तुमचेच राज्य’ असे सांगावे, आणि वर स्वतःच्या मुक्कामाचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल करावा, तशी ही व्यवस्था होती. हा खर्च सुरुवातीला दिवसाला ४० कोटी फ्रँक इतका ठरवण्यात आला होता. जर्मनीला यात सोय होती: सगळा देश राखण्यासाठी लागणारे सैन्य वाचले, आणि फ्रान्सचे आरमार व वसाहती लगोलग ब्रिटनच्या बाजूला जाण्याचा धोका कमी झाला.

सामान्य माणसासाठी मात्र ही रेषा रोजच्या जगण्याच्या मधोमध आली होती. शेतकऱ्याचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला असे प्रकार घडले. रेषा ओलांडायची तर जर्मन अधिकाऱ्यांचा परवाना लागे आणि तो सहजासहजी मिळत नसे. सुरुवातीच्या काळात एका भागातून दुसऱ्या भागात साधे पत्रही जात नव्हते; पुढे छापील मजकुराची कार्डे निघाली, ज्यांवर ‘आजारी’, ‘मरण पावला’, ‘तुरुंगात’ अशा शब्दांपैकी लागू नसलेले खोडून उरलेले पाठवायचे असत. ताब्यातल्या भागातली घड्याळेदेखील बर्लिनच्या वेळेप्रमाणे पुढे केली गेली होती.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिणेकडचा भागही व्यापला आणि पुढच्या वर्षी रेषेवरची तपासणी संपली. चित्रपटातली सगळी पळापळ त्याआधीची आहे. कारण पात्रांना पॅरिसमधून निघून ही रेषा ओलांडायची असते. ती ओलांडली की आपण सुटलो, अशी त्यांची आशा असते, आणि चित्रपटाचा सगळा ताण या एका आशेवर उभा आहे.

आकाशातून पडलेल्या माणसांचे काय होत असे?

फ्रान्सवरून उडणारी ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने जर्मन तोफांच्या माऱ्यात पडत आणि त्यांतले काही वैमानिक हवाई छत्रीने जिवंत उतरत. प्रशिक्षित वैमानिक तयार करायला फार वेळ व पैसा लागतो, म्हणून त्यांना परत मिळवणे ब्रिटनला महत्त्वाचे वाटे. प्रतिकार चळवळीतल्या, म्हणजे जर्मनांविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या गटांतल्या, काही माणसांनी अशा वैमानिकांना लपवून, नागरी कपडे व खोटी कागदपत्रे देऊन स्पेनपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळ्या उभ्या केल्या. ‘कॉमेत’ ही अशी एक साखळी आंद्रे द यॉन्घ या चोविशीतल्या बेल्जियन तरुणीने १९४१ मध्ये सुरू केली. ती स्वतः वैमानिकांना घेऊन पिरेनीज पर्वत पायी ओलांडत असे. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली आणि तिची रवानगी राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत झाली. ती वाचली, तिचे अनेक सहकारी वाचले नाहीत.

पॅरिसच्या भिंतींवर सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन लष्करी प्रशासनाची जाहीर नोटीस लागली होती. वैमानिकांना मदत करणाऱ्या पुरुषांना तत्काळ गोळ्या घालण्यात येतील आणि स्त्रियांना जर्मनीतल्या छळछावण्यांत पाठवण्यात येईल, असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते; पकडून देणाऱ्यांना रोख बक्षीस होते. ही नोटीस ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला की त्यातल्या प्रत्येक हसण्याखाली काय दडले आहे ते कळते. १९६६ च्या प्रेक्षकाला ती कुणी सांगावी लागत नव्हती. त्यातल्या अनेकांनी ती भिंतीवर वाचली होती.

गोष्ट थोडक्यात

एक ब्रिटिश विमान पॅरिसवर पाडले जाते. त्यातला एक वैमानिक उंच इमारतीबाहेर लोंबत्या फळीवर रंगकाम करणाऱ्या ओग्युस्तें बुव्हे या साध्या रंगाऱ्यावर येऊन पडतो, आणि सांडलेला रंग खाली उभ्या असलेल्या जर्मन अधिकाऱ्यावर ओतला जातो. दुसरा पॅरिसच्या ऑपेराच्या छपरावर उतरतो आणि तिथल्या स्तानिस्लास लफोर या चिडखोर वाद्यवृंद-संचालकाच्या गळ्यात पडतो. तिसरा, भरघोस मिशांचा सर रेजिनाल्ड, प्राणिसंग्रहालयातल्या पाण्यात कोसळतो. रंगारी म्हणजे बुर्विल, संचालक म्हणजे लुई द फ्युनेस, आणि मिशावाला इंग्रज म्हणजे टेरी-थॉमस.

बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या आजोबांची नात, बर्गंडी प्रांतातल्या बोन गावच्या जुन्या धर्मादाय रुग्णालयातली एक धाडसी जोगीण, म्यर्सो गावात हॉटेल चालवणारी बाई, अशा एकेका माणसाच्या मदतीने ही मंडळी भुयारी गटारांतून, टपालाच्या गाडीतून, दारूच्या पिंपांतून दक्षिणेकडे सरकत राहतात. जर्मन मेजर आखबाख त्यांच्या मागावर असतो.

हसू नेमके येते कुठून?

या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत समाधान देणारे वाटते, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

पहिले कारण म्हणजे जोडी. स्तानिस्लास हा अधिकार गाजवण्याची सवय लागलेला माणूस आहे. ओग्युस्तें हा ऐकून घेण्याची सवय लागलेला. शांततेच्या काळात ही दोन माणसे एकमेकांना भेटलीही नसती. पळताना स्तानिस्लासचे बूट चावतात तेव्हा तो ओग्युस्तेंचे बूट मिळवतो. ओग्युस्तेंला आधी ते योग्यच वाटते, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की आपल्याला सतत वापरून घेतले जात आहे. एका भिंतीवरून उडी मारल्यावर स्तानिस्लास थेट ओग्युस्तेंच्या खांद्यांवर येतो आणि तिथेच बसून राहतो, जणू खाली उतरायचे त्याला सुचतच नाही. हा भाग चित्रीकरणाच्या वेळी द फ्युनेसला ऐनवेळी सुचला असे सांगतात, आणि पुढे तेच दृश्य चित्रपटाची ओळख बनले. वर्ग आणि अधिकार यांवरचे भाष्य एकही भाषण न देता दोन शरीरांच्या रचनेतून झाले आहे.

दुसरे कारण भाषा. इथे इंग्रज इंग्रजी बोलतात, जर्मन जर्मन बोलतात, फ्रेंच फ्रेंच बोलतात, आणि कुणालाच समोरच्याचे धड कळत नाही. पॅरिसमधल्या तुर्की हमामात सगळ्यांनी भेटायचे ठरलेले असते आणि ओळखीची खूण म्हणून ‘टी फॉर टू’ या गाण्याची शीळ घालायची असते. वाफेच्या दाट पडद्यात ओग्युस्तें आणि स्तानिस्लास एकमेकांसमोर येतात. दोघेही फ्रेंच, दोघेही समोरचा इंग्रज आहे असे समजून मोडक्या इंग्रजीत कुजबुजत राहतात, आणि बऱ्याच वेळाने उलगडा होतो. शत्रूच्या भीतीने आपल्याच माणसाला परके समजण्याची ही अवस्था ताब्यातल्या देशात रोजची होती. कुणावर विश्वास ठेवावा हे कुणालाच ठाऊक नव्हते. तो संशय इथे विनोद होऊन येतो. ज्या प्रेक्षकाला फ्रेंचचा एक शब्द येत नाही, त्यालाही हे दृश्य कळते, कारण त्यातला गोंधळच न कळण्याचा आहे.

तिसरे कारण अभिनेत्याची तयारी. ऑपेरात द फ्युनेस वाद्यवृंदाचे संचालन करतो तो भाग खोटा वाटत नाही. वाजत असते ते बर्लिओझच्या ‘फाउस्टचा अधःपात’ या रचनेतले हंगेरियन मार्च. द फ्युनेसने यासाठी व्यावसायिक संचालकाकडून धडे घेतले होते, आणि मुळात तो संगीताला नवखा नव्हता: जर्मन ताब्याच्या वर्षांत तो पॅरिसच्या बारमध्ये पियानो वाजवून पोट भरत असे. विनोदी नट म्हणून केवळ तोंडे वेडीवाकडी करणारा अशी ज्याची ख्याती, त्याने या दृश्यात ताल आणि अधिकार दोन्ही खरेखुरे आणले आहेत. स्तानिस्लास आपल्या कामात निष्णात आहे हे पटले म्हणूनच नंतरची त्याची फजिती हसवते.

क्लोद रन्वार यांचे विस्तृत पडद्यावरचे रंगीत छायाचित्रण आणि खर्चिक बाह्यचित्रीकरण हाही आकर्षणाचा भाग होता. फ्रान्समध्ये रंगीत दूरदर्शन प्रक्षेपण सुरू व्हायला १९६७ चा ऑक्टोबर उजाडला.

हा जखमेवरचा विनोद नव्हता का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला थेट उत्तर दिले पाहिजे. ज्यांच्या घरातली माणसे छावण्यांतून परतली नाहीत, त्यांनी जर्मन अधिकाऱ्याच्या घोरण्यावर हसावे अशी अपेक्षा करणे क्रूर ठरू शकते. उरीने दोन गोष्टी जाणीवपूर्वक केल्या. एक म्हणजे, त्याने पीडितांची थट्टा कुठेही केली नाही. हसू येते ते अधिकार गाजवणाऱ्यांचे आणि घाबरलेल्या सामान्य माणसांचे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ओग्युस्तें आणि स्तानिस्लास हे वीर नाहीत. त्यांनी प्रतिकार चळवळीत नाव नोंदवलेले नाही. संकट अक्षरशः आकाशातून त्यांच्या अंगावर पडते, आणि मग समोरच्या माणसाला पकडून द्यायचे की लपवायचे एवढाच प्रश्न उरतो. ते कुरकुरतात, एकमेकांवर चिडतात, घाबरतात, पण पकडून देत नाहीत. सिनेमागृहातल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी युद्धात पराक्रम गाजवला नव्हता. त्यांना पडद्यावर पुतळे न दिसता आपल्यासारखी माणसे दिसली, आणि ती माणसे अखेर बरोबर बाजूला उभी राहिली याचा दिलासा मिळाला.

या दिलाशाची किंमत काय होती?

हा दिलासा इतिहासाच्या मोठ्या भागावर पांघरूण घालतो, हे मात्र निःसंकोच म्हटले पाहिजे. चित्रपटात जो भेटतो तो फ्रेंच माणूस मदतच करतो. शेजाऱ्याविरुद्ध निनावी पत्र लिहिणारे, काळ्या बाजारात श्रीमंत झालेले, जर्मनांशी हातमिळवणी करणारे जवळजवळ दिसतच नाहीत. विशी सरकार दिसत नाही. ज्यूंवर लादलेले कायदे दिसत नाहीत. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस आणि आसपासच्या भागांत सुमारे १३ हजार ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले पकडली गेली, आणि ही धरपकड फ्रेंच पोलिसांनी केली होती. त्याच पॅरिसमधून ओग्युस्तें आणि स्तानिस्लास पळत असतात.

हे मौन एकट्या चित्रपटाचे नव्हते. १९६० च्या दशकात फ्रान्सचे अध्यक्ष जनरल द गोल होते, आणि मूठभर देशद्रोही वगळता सारे राष्ट्र मनाने प्रतिकाराच्या बाजूने होते, ही त्या काळची अधिकृत समजूत होती. प्रतिकार चळवळीचे नेते झां मुलें यांच्या अस्थी डिसेंबर १९६४ मध्ये मोठ्या समारंभाने पँथियनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या राष्ट्रीय थोरांच्या स्मारकात, नेण्यात आल्या. चित्रपट आला तो यानंतर बरोबर दोन वर्षांनी. देशाने स्वतःविषयी जी गोष्ट सांगायला घेतली होती, तिचीच ही हलकीफुलकी, लोभस आवृत्ती होती.

कुणी म्हणेल, त्या काळात वेगळे दाखवणे शक्यच नव्हते. ते खरे नाही. दहा वर्षे आधी, १९५६ मध्ये, क्लोद ओतां-लारा यांच्या ‘ला त्राव्हर्से द पारी’ या चित्रपटात हाच बुर्विल रात्रीच्या अंधारात सुटकेसांत डुकराचे मांस भरून काळ्या बाजारासाठी पॅरिसभर वाहून नेताना दिसला होता, आणि ज्याच्या तळघरातून ते मांस निघते तो लबाड दुकानदार हाच द फ्युनेस होता. त्या कडवट कामासाठी बुर्विलला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. म्हणजे तेच दोन नट, तोच काळ, तेच शहर. एकदा भूक आणि क्षुद्रपणा दाखवायला, एकदा माणुसकी दाखवायला. दोन्ही खरे होते. तिकिटे दुसऱ्याला जास्त मिळाली.

समजूत मोडायला सुरुवात झाली ती १९७१ मध्ये, मार्सेल ओफ्युल्स यांचा क्लेर्मों-फेरां शहरावरचा चार तासांहून मोठा माहितीपट ‘ल शाग्रें ए ला पितिए’ पॅरिसच्या सिनेमागृहात लागला तेव्हा; फ्रेंच दूरदर्शनने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही. १९७२ मध्ये अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी जर्मन कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की विशी सरकारने अनेक बाबतींत आपणहून सहकार्य देऊ केले होते. ज्यूंच्या धरपकडीतली फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी राष्ट्राध्यक्षाने जाहीरपणे मान्य करायला मात्र १६ जुलै १९९५ उजाडला. ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे झाक शिराक.

दिग्दर्शकाला हे ठाऊक नव्हते का?

त्याला हे फार जवळून ठाऊक होते. झेरार उरीचा जन्म १९१९ मध्ये पॅरिसमध्ये ज्यू कुटुंबात झाला, आणि ज्यूविरोधी कायद्यांमुळे तरुण नट म्हणून नुकतीच सुरू झालेली कारकीर्द सोडून त्याला आधी दक्षिणेत आणि मग स्वित्झर्लंडमध्ये पळून जावे लागले. त्याची मुलगी दानिएल १९४२ मध्ये याच पळापळीच्या दिवसांत जन्मली, आणि चोवीस वर्षांनी ‘ला ग्रांद वाद्रुय’ची पटकथा लिहिणाऱ्यांत मार्सेल झुलियाँ आणि उरी यांच्यासोबत तिचेही नाव होते. पकडले जाण्याची भीती, खोटी ओळख, सरहद्द जवळ आल्यावर वाढणारी धडधड, या गोष्टी या बाप-लेकीच्या घरच्या होत्या. त्यांनी त्या ज्यू पात्राच्या तोंडी न देता एका रंगाऱ्याच्या आणि एका संगीतकाराच्या वाट्याला दिल्या. माझ्या मते ही निवड भित्रेपणाची नव्हती. १९६६ च्या सिनेमागृहात सर्वांना एकत्र हसवायचे तर एवढेच सांगता येईल, असा अंदाज तिच्यामागे असावा. मात्र तो अंदाज बरोबर ठरला, म्हणून गाळलेले भरून निघत नाही.

उरीने ती जागा पुढे वेगळ्या वाटेने भरली. बुर्विल १९७० मध्ये वारला. १९७३ मध्ये उरीने द फ्युनेसला घेऊन ‘रब्बी झाकोबची साहसे’ हा चित्रपट केला. त्यात ज्यूंविषयी, अरबांविषयी आणि एकूणच परक्यांविषयी मनात आकस बाळगणारा एक श्रीमंत फ्रेंच कारखानदार जीव वाचवण्यासाठी रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, वेश घालतो आणि पॅरिसच्या ज्यू वस्तीत मानाने स्वीकारला जातो. १९६६ मध्ये ज्या शब्दाचा उच्चार टाळला होता, तो आता गोष्टीच्या मध्यभागी होता, आणि लोक तेव्हाही मोठ्या संख्येने आले.

आज पाहायचा झाला तर

इंग्रजी उपशीर्षकांसह हे चित्रपट मिळतात. ज्यांना केवळ निखळ करमणूक हवी आहे त्यांनी ‘ला ग्रांद वाद्रुय’ सरळ लावावा. ऑपेरा, हमाम आणि हॉटेलातल्या ६ व ९ या खोल्यांच्या अदलाबदलीचा प्रसंग यांना कुठल्याही पूर्वतयारीची गरज नाही. ज्यांना त्यामागचा फ्रान्स समजून घ्यायचा आहे त्यांनी आधी ‘ला त्राव्हर्से द पारी’ पाहावा, मग हा, मग ओफ्युल्स यांचा माहितीपट, आणि शेवटी रब्बी झाकोब. या क्रमाने पाहिल्यास बुर्विल आणि द फ्युनेस हेच दोन चेहरे पहिल्या चित्रपटात अंधारात आणि दुसऱ्यात उन्हात दिसतात, आणि उरीने १९६६ मध्ये काय घेतले व काय वगळले ते कुणी न सांगता ध्यानात येते.